बाकासाठी दोन दांडे

मिस्त्रींचं काम मोठं गमतीचं होतं. सकाळी राजवाडा उभा करायचा आणि प्रयोग संपला की तोच राजवाडा चहा निवायच्या आत ट्रकमध्ये आडवा करायचा. नाटक कंपनीबरोबर उभं आयुष्य हिंडले आणि गावोगाव घरं बांधत गेले; पण रात्र काढेल असं एक घर काही त्यांनी बांधलं नाही. कापडी भिंती, फळ्यांचे जिने, पलीकडे काही नसलेले दरवाजे. सगळं हाताने सुटेल असं. कानवाले नट बोटांनी आवळायचे, दोरीला एका ओढीत सुटणारी गाठ मारायची. नवीन माणूस पान्याने नट पिळायला लागला की मिस्त्री त्याचा हात धरत. "बाबा रे, उतरवायचंय ते. तुझ्या नातवंडांसाठी बांधतोयस का?"

दुसरी सवय आवाजाची. पडद्यामागे आवाज म्हणजे गुन्हा. शिंक आली तर नाक दाबायचं, पायावर हातोडी पडली तर ओठ चावायचा. एकदा भर शोकप्रसंगात जिना करकरला आणि पहिल्या रांगेतली बाई फिस्सकन हसली. मिस्त्रींनी त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही.

आणि तिसरी सवय लंबूची. लंबू म्हणजे त्यांचा जोडीदार, नावाप्रमाणेच उंच. भिंत उचलायची तर दोघं लागतात. एका टोकाला मिस्त्री, दुसऱ्या टोकाला लंबू आणि मध्ये भिंत, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. खुंटी खाचेत बसली की मिस्त्री दबक्या आवाजात विचारत, "आलं?" पलीकडून यायचं, "आलं." मग हात सोडायचा. इतकंच. नंतर नंतर दोघांचं हेच एक बोलणं उरलं होतं आणि दोघांनाही ते पुरत होतं.

लंबू गेला. त्याच्याआधी मिस्त्रींची बायको गेली होती. मुलगा परदेशी गेला, तो मात्र गेला तसा फोनवर येत राहिला, आणि जाताना आपली गाडी बापाच्या दारात लावून गेला. चांगली ढब्बू एसयूव्ही, सात माणसांची.

"बाबा, विकू नका. फक्त चालवत राहा. उभी राहिली की बॅटरी उतरते."

"माणसाचीही उतरते," मिस्त्री म्हणाले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. चालवतो."

तेव्हापासून रविवारी ते गाडी फिरवून आणत. बाजारापर्यंत जायचं, उड्डाणपुलाखालून वळायचं, परत यायचं. बाकी सहा सीट रिकाम्या. वळणावर मागचा एखादा बेल्ट खिडकीच्या काचेवर टक्‌ करून आपटला की मिस्त्री आरशात बघत. बघून झाल्यावर स्वतःवरच चिडत.

मिस्त्रींना आता एकच माणूस हवं होतं, आणि ते म्हणजे त्यांची ताई.

ताई थोरली. अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या एका लहान गावात, वडिलांच्या सलूनच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. वडिलांच्या पश्चात कात्री तिनेच उचलली होती. बाई केस कापते म्हणून आधी लोक बघायला आले, मग कापून घ्यायला आले, मग त्यांची मुलं आली. हात थरथरायला लागला तशी तिने खुर्चीवर चादर टाकली आणि सलून बंद केलं. शटर मात्र रोज वर करायची. "हवा लागते," म्हणायची.

दर फोनला मिस्त्री तोच विषय काढत.

"ताई, इकडे ये ना राहायला. दोन खोल्या नुसत्या पडल्यात."

"अरे, नळ गळतोय इथला. तो दुरुस्त झाल्याशिवाय कशी येऊ?"

नळ झाला. मग छप्पर निघालं. छप्पर झालं, मग मांजर व्यायला टेकलं. पिल्लं मोठी होऊन निघून गेली आणि ताईकडची कारणं संपली. त्या दिवशी फोनवर तिने आधी पिल्लांचंच सांगितलं. मग म्हणाली, "बाक आला तर येते."

"कुठला बाक?"

"किती बाक आहेत आपल्याकडे? दुकानातला. गिऱ्हाइकांचा."

"अख्खा?"

"नाही, अर्धा करवतून आण. अख्खाच, वेड्या! आणि टेम्पोबिम्पो नको हां. सिमेंटच्या गोणींबरोबर आपटत नेतील. तू स्वतः ने, तुझ्या गाडीतून. नाही तर मी इथेच बरी."

मिस्त्रींना बाक चांगला आठवत होता. एका जाड फळीचा, पाठ असलेला, एकही खिळा नसलेला. सगळ्या खुंट्या लाकडी आणि सरसाने पक्क्या. मिस्त्रींनी आयुष्यात पाहिलेली न सुटणारी ती एकमेव वस्तू. लहानपणी त्याच्या एका टोकाला ताई आणि दुसऱ्या टोकाला ते बसत, आणि मध्ये गिऱ्हाइकं.

त्यांनी ताईला फोनवरच बाक मोजायला लावला, दोरीला गाठ मारली आणि ती दोरी गाडीत मागच्या दारापासून पुढपर्यंत लावून पाहिली. सगळ्या सीट पाडल्या तरी गाठ गाडीच्या बाहेर येत होती. आत नाही. म्हणजे वर. आणि वर न्यायचं तर छतावर आडवे दांडे हवेत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनं लाकडी कपाट काढून टाकलं. खिडकीखालची भिंत मोकळी झाली. बाकाला तीच जागा बरी होती.

*

गाड्यांच्या सामानाचं दुकान एका बाईंचं होतं. कानावर पेन्सिल, हातात मोजपट्टी, तोंडाला खंड नाही.

"काका, कसले दांडे? सायकलसाठी? बोटीसाठी? पर्यटन-बिर्यटन करताय की काय या वयात?"

"बाकासाठी."

"बाक?" पेन्सिल कानावरून हातात आली. "म्हणजे बागेतला?"

"सलूनमधला."

"बरं बाई," असं स्वतःलाच म्हणत त्या बाहेर आल्या आणि टाचा उंच करून गाडीच्या छताकडे बघायला लागल्या. "आधी तुमच्या गाडीला रेल कसली आहे ते बघू. हे बघा, या छताच्या दोन कडांना लांब पट्ट्या आहेत ना, त्या रेल. त्यांच्याखालून बोटं जातात का? घाला."

मिस्त्रींनी घातली. बोटं आरपार गेली.

"झालं तर मग! उघडी रेल. काही गाड्यांना चिकटलेली असते, तिथे बोट शिरत नाही. तिला दांडा धरून ठेवणारे पाय वेगळे येतात. परवा एकजण न विचारता घेऊन गेला, संध्याकाळी तोंड पाडून परत. आता दांडा कुठला? हा चौकोनी, लोखंडी. स्वस्त आणि दणकट, पण वाऱ्यात ढोल वाजवतो. आणि हा बघा, ॲल्युमिनियमचा, पंखासारखा. पुढून जाड, मागून निमुळता."

मिस्त्रींनी दोन्ही हातांत तोलून पाहिले. लोखंडी दांडा ओळखीचा वाटला. मग त्यांनी विचारलं, "यातला गप्प कुठला?"

"गप्प?"

"आवाज न करणारा."

"हा पंखवाला. सामान असलं की चिडीचूप. रिकामा असला की थोडी शिट्टी मारतो." त्या हसल्या. "रिकामी भांडी नाही का वाजत, तसं. काम झालं की काढून ठेवत जा. पेट्रोलही खातात उगाच."

त्यांनी छताची रुंदी मोजली, गाडीच्या पुस्तकात छत किती वजन पेलतं ते बघितलं, त्यातून दांड्यांचं स्वतःचं वजन वजा करायला लावलं आणि बाकाचं विचारलं.

"दोन म्हातारे उचलतात," मिस्त्री म्हणाले.

"म्हातारे कसे आहेत त्यावर आहे! पण चालेल. आता नीट ऐका हं काका. चार पाय आहेत, दोन दांडे, प्रत्येकाला दोन टोकं. ही चावी पाकिटात मिळेल, तिने पाय आवळायचा. आवळता आवळता कट्ट असं वाजेल. वाजलं की बस. वाजल्याशिवाय सोडायचं नाही, कळलं? आणि दोघांनी मिळून बसवा. एकट्याने केलं की एक बाजू धरावी तर दुसरी पळते. घरी आहे ना कोणीतरी?"

"आहे," मिस्त्री म्हणाले.

खोटं बोलायला काही कारण नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

*

रविवारी बिल्डिंगच्या आवारात त्यांनी पाकीट उघडलं. दांडे, पाय, रबराच्या पट्ट्या, कागद, आणि चाव्या दोन. दुसरी कशाला दिली आहे ते त्यांना कळेना. हरवली तर म्हणून असेल, असं म्हणून त्यांनी ती खिशात टाकली.

स्टूल ठेवलं, चढले. पुढच्या दांड्याचं डावं टोक रेलवर बसवलं, स्टूल उचललं, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, चढले. तोवर डावं टोक घसरून पुढे आलेलं. उतरले, वळसा, चढले. आता उजवं मागे. काचेपासून दोन्ही टोकं सारख्या अंतरावर यावीत म्हणून दोरी लावली, तर दोरीचं दुसरं टोक धरायला कोणी नाही. शेवटी ते वायपरला बांधलं.

डावा पाय नीट बसलासा वाटला तेव्हा उजवीकडून, अगदी सवयीने, ते म्हणाले, "आलं?"

"काय आलं, काका?" फाटकापाशी बसलेल्या वॉचमनने विचारलं.

"नाही, काही नाही."

"पार्सल आलं तर मीच सांगतो की तुम्हाला."

"हो, हो. सांग."

मग ते पुन्हा डावीकडे येऊन चावी पिळायला लागले. हाताखाली पाय हळूहळू रेलला चावत होता. अजून एक वेढा, अजून अर्धा. आणि कट्ट!

मिस्त्रींचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. आवाज! तुटलं वाटतं काहीतरी. आटे गेले का? बाई म्हणाल्या होत्या खरं, कट्ट वाजेल. पण हे ते कट्ट, की तुटल्याचं कट्ट? त्यांनी वाकून पाहिलं, बोट फिरवलं. काही कळेना. लाकूड असतं तर नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं. लंबू असता तर पलीकडून म्हणाला असता, "तुटलं नाही हो, वाजलं नुसतं." बाईंना फोन करावा असं वाटलं, खिशातून फोन काढलासुद्धा. पण त्या विचारणार, घरच्या माणसाने धरलंय ना पलीकडे? फोन परत खिशात गेला.

उरलेले तीन पाय मिस्त्रींनी आपल्या पद्धतीने आवळले. हाताला पुढचा आवाज यायची चाहूल लागली की थांबायचं. आणखी थोडं पिळलं तर वाजेल, अशा बेताला आलं की चावी काढायची. तीनही पाय मुके बसले. दांडा धरून हलवून पाहिला, हलला नाही. त्यांना बरं वाटलं. काम कसं, बिनआवाजी झालं होतं.

*

शटर वर होतं. आत बाक, आणि बाकावर तिघे म्हातारे वर्तमानपत्राचं एक एक पान धरून बसलेले. एक निवृत्त पोस्टमन, एक कमी ऐकू येणारे मास्तर, आणि तिसरा कायम पेंगणारा शिंपी. कोणाला केस कापायचे नव्हते. मास्तरांना तर कापायला केसच नव्हते.

"हे रोज येतात?" मिस्त्रींनी विचारलं.

"सवय आहे," ताई म्हणाली. ती दारात उभी होती, प्रवासाची साडी नेसून, हातात पिशवी. आणि वर बघत होती. गाडीच्या छताकडे.

"हे काय बसवलंस?"

"दांडे. बाकासाठी."

"कुठून आणलेस?"

"मिळतात. दुकानात मिळतात, ताई."

"असं होय," ताई म्हणाली. आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मिस्त्रींना वाटलं होतं, ती हरखून जाईल. निदान 'शाबास रे' तरी म्हणेल.

पोस्टमन उठला. "चला हो मास्तर, उठा. बाक चालला."

"कोण चाललं?"

"बाक! बाक चालला!"

"आणि आपण?"

"आपण उभे राहू. पायाला चांगलं असतं."

शिंप्याला जागं करावं लागलं. तिघांनी आणि मिस्त्रींनी मिळून बाक बाहेर काढला, वर चढवला, मिस्त्रींनी पट्टे बांधले. म्हातारे धापा टाकत दुकानात परत गेले आणि सवयीने बसायला वाकले. मग तिघेही भिंतीकडे बघायला लागले. बाक होता तिथे भिंतीचा रंग जुना, गडद राहिला होता, आणि त्याच्या वर तीन डोकी टेकून टेकून पडलेले तीन तेलकट डाग.

"आता उद्या कुठे बसायचं हो?" मास्तरांनी विचारलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, ते ओरडलेच.

तिघे एकेक करून बाहेर आले. ताईने शटर ओढलं. किल्ली पोस्टमनच्या हातात दिली.

*

गावाबाहेर रस्ता खराब होता. मिस्त्री खुशीत होते. शेजारच्या सीटवर माणूस होतं. बेल्ट लावायला सांगावं लागलं, खिडकी उघडू की नको यावर वाद झाला. किती दिवसांनी गाडीत कोणी वाद घालत होतं!

"खिडकीखालची भिंत मोकळी केलीय," ते सांगत होते. "सकाळचं ऊन येतं. बाक तिथे. तुझी खोली मागची, तिला आवाज येत नाही रस्त्याचा."

"हं."

"कपाट काढून टाकलं."

"कशाला रे? चांगलं होतं कपाट."

"बाकाला जागा नको का?"

ताईने मान तिरकी करून वर कान दिला. मग म्हणाली, "वर काहीतरी बोलतंय."

"दांडे गप्प असतात सामान असलं की. दुकानातल्या बाई म्हणाल्या."

"अरे, मी बहिरी नाही. मास्तर बहिरे आहेत. थांबव."

एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली त्यांनी गाडी थांबवली. उतरून मिस्त्रींनी वर पाहिलं. मागचा दांडा वीतभर सरकला होता. पुढचाही उजवीकडून तिरका झाला होता, आणि बाक छतावर वाकडा होऊन एका बाजूने बाहेर डोकावत होता. पट्टे होते म्हणून राहिला होता. आणखी एखादा मोठा खड्डा आला असता तर!

त्यांनी स्टूल काढलं आणि एकेका पायाला हात लावला. तीन पाय सैल. चौथा, पुढचा डावा, जागचा हलला नव्हता. तोच, वाजलेला. बाकीचे तीन, जे त्यांनी मुके ठेवले होते, ते सगळे घसरले होते.

"काय झालं?" ताईने खालून विचारलं.

"आवळले नाहीत मी नीट."

"तू? अरे, जन्मभर दुसरं केलंस काय?"

"जन्मभर हेच केलं. उतरवता येईल इतपतच आवळायचं. वाजायच्या आत थांबायचं." ते स्टुलावर तसेच उभे राहिले. "डोक्यात येतच नाही गं दुसरं."

वारा होता. पंपाच्या छपराचा एक पत्रा कुठेतरी फडफडत होता. ताई वर, वाकड्या झालेल्या बाकाकडे बघत होती.

"रागावणार नसशील तर एक सांगू?"

"सांग."

"हा बाक कशातच मावणार नाही, हे माहीत होतं मला. म्हणून तर म्हटलं बाक आला तर येते. तू टेम्पोचं काढशील, मी नको म्हणेन, विषय मिटेल. तू छतावर दांडे बसवून दारात उभा राहशील हे माझ्या डोक्यात कुठून येणार?"

मिस्त्री स्टुलावरून उतरले. दोन्ही हात पँटला पुसले.

"म्हणजे यायचंच नव्हतं तुला."

"यायचं होतं रे. तुझ्याकडे यायचं होतं. फक्त तिथून निघायचं नव्हतं."

"मग तसं म्हणायचं."

"कसं म्हणायचं? धाकटा भाऊ दर फोनला ये ये म्हणतोय, आणि मी त्याला काय सांगू, तीन म्हातारे पेपर वाचायला येतात म्हणून येत नाही? हसला असतास."

"नसतो हसलो."

"हसला असतास. मीच हसले असते." तिने पदर सावरला. "मघाशी तो शिंपी बसायला वाकला बघ. बाक नव्हता, तरी वाकला."

मिस्त्रींनीही ते पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर खिडकीखालची मोकळी भिंत आली, तिच्यावर पडणारं सकाळचं ऊन आलं. तिथे बाक ठेवला तर बसणार कोण? एका टोकाला ताई, एका टोकाला ते. मध्ये कोणी नाही.

"तू म्हणशील तर येते," ताई म्हणाली. "शब्द दिलाय."

एवढं एकच हवं होतं त्यांना, आणि ते ती हातावर ठेवत होती. हो म्हटलं की झालं. मिस्त्रींनी खिशात हात घातला आणि दुसरी चावी काढून तिच्यासमोर धरली.

"आधी हे पक्कं करू. तशीही गाडी अशी हलवता येणार नाही. दोघं लागतात याला."

"माझे हात बघितलेस का? कात्री धरवत नाही मला."

"कात्री नाही, चावी आहे. पिळत राहायचं. वाजलं की थांबायचं."

पट्टे सैल केले, बाक रेटून सरळ केला, दांडे जागेवर आणले. ताई पलीकडे गेली, दरवाजा उघडून आतल्या पायरीवर चढली. मध्ये एवढी मोठी गाडी आणि वर बाक. तिचं तोंड दिसत नव्हतं. नुसता चावीचा किरकिर आवाज येत होता, थरथरत, मध्येच अडत, पुन्हा सुरू होत.

"आलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"काय आलं?"

"वाजलं का?"

"आधी नीट विचार ना मग! नाही वाजलं अजून. अरे, हात दुखला माझा... थांब... अगो बाई! वाजलं! केवढ्याने वाजलं रे!"

मिस्त्रींनीही आपल्या बाजूचा पाय पिळला. चाहूल लागली तशी हात सवयीने थांबला. त्यांनी डोळे मिटले आणि आणखी पिळलं. कट्ट.

*

गाडी त्यांनी परत गावाकडे वळवली. खराब रस्ता पुन्हा आला. चारही पाय वाजेपर्यंत आवळलेले होते, वरून हूं की चूं झालं नाही.

शटर अर्धवट उघडं होतं. तिघे म्हातारे आत, शटरखाली वाकून बघावं लागलं. पोस्टमन पालथ्या बादलीवर, शिंपी पायरीवर, आणि मास्तर चादर काढून चक्क केस कापायच्या खुर्चीत.

"अजून गेला नाहीत घरी?" ताईने विचारलं.

"गेलात तुम्ही," पोस्टमन म्हणाला. "आम्ही कुठे जाणार?"

बाक उतरवला. पोस्टमन पुढे आला होता, पण ताईने त्याला बाजूला केलं आणि शेवटचा टप्पा तिने आणि मिस्त्रींनीच नेला, भिंतीवरच्या गडद पट्ट्यासमोर.

"आलं?" या वेळी ताईने विचारलं.

मिस्त्रींनी आपलं टोक भिंतीला लावलं. "आलं," ते म्हणाले, आणि हात सोडला.

चहा झाला. पोस्टमनने सरकून जागा केली तेव्हा मिस्त्री बाकाच्या टोकाला, आपल्या जागी बसले. मास्तरांनी त्यांच्या हातात पेपरचं एक पान दिलं, शेवटचं, हवामानाचं. ते त्यांनी दोनदा वाचलं. निघाले तेव्हा ताई गाडीपर्यंत आली.

"मागचं दार बसत नाही नीट. फळी बदलावी लागेल."

"केवढी?"

"दाराएवढी. लांब आहे. आत मावायची नाही तुझ्या गाडीत."

"बघतो," मिस्त्री म्हणाले.

रात्री गाडी बिल्डिंगच्या आवारात लावून ते खिडकीत जाऊन उभे राहिले. खिडकीखालची भिंत मोकळी होती. ती आता मोकळीच राहणार होती. प्रयोग झाला की सगळं उतरवायचं, या सवयीने ते चावी घेऊन पुन्हा खाली गेले, स्टुलावर चढले. पुढच्या पायात चावी घातली. पाय गच्च बसला होता. थोडा वेळ ते हात तसाच ठेवून उभे होते. मग चावी काढली, दुसऱ्या चावीबरोबर गाडीच्या खणात ठेवली आणि खण बंद केला.

वर येतात तोच फोन वाजला.

"पोचलास?"

"पोचलो."

"वरचं काही वाजलं का?"

"दांडे वाजत होते. शिट्टीसारखे. बाक नव्हता ना वर."

"अगं बाई. मग काय केलंस?"

"काय करणार? ऐकत आलो."